खुले जग, बांधलेला काळ : ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या क्रीडासंहितेचा विचार

१

मराठी कथनपर साहित्याच्या समीक्षेत अद्भुतरम्यतेची वासलात पुष्कळदा घाईने लावली गेली आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्या मागोमाग आलेल्या कादंबऱ्या यांना वास्तवापासूनचे पलायन ठरवून आपण मोकळे झालो. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कृतींवरून तीन वाटा दाखवल्या. त्यांची पसंती पहिल्या वाटेला आहे, हे उघड आहे. परंतु एखादी प्रवृत्ती गौण ठरवल्याने ती नाहीशी होत नाही. फार तर ती माध्यम बदलते. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून आज मराठीच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याची अद्भुताची भूक पुस्तक क्वचितच भागवते. ती मोबाइलच्या पडद्यावर भागते. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहून तेव्हा करमणुकीचे मानल्या गेलेल्या प्रकाराकडे गांभीर्याने पाहिले. त्यांच्या संग्रहाचा आणि संशोधनाचा वारसा ज्या धुळ्यात जपला गेला, त्या परिसरातल्या समीक्षेने आजच्या करमणुकीकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे.

शांघायच्या मिहोयो या कंपनीने २८ सप्टेंबर २०२० रोजी प्रसृत केलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा खेळ येथे उदाहरणादाखल घेतला आहे. हा खेळ मोफत मिळतो. त्यातील जग ‘खुले’ असते, म्हणजे खेळणारा ठरावीक मार्गाने न जाता मनाला येईल तिकडे जाऊ शकतो. आणि तो पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाचा असतो. मोफतपणा, खुलेपणा आणि भूमिका या तीन लक्षणांचा परस्परसंबंध काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. या संहितेचे आकर्षण आणि तिचे दोष ही दोन वेगळी खाती आहेत, की एकाच रचनेच्या दोन बाजू आहेत, याचे उत्तर त्या संबंधात दडलेले आहे.

२

आकर्षणाचा पहिला आधार अवकाश हा आहे. तेवात नावाच्या या जगात क्षितिजावर डोंगर दिसला तर तो नुसता देखावा नसतो. त्यावर चढता येते, माथ्यावरून पंख पसरून खाली तरंगत येता येते, पाण्यात उतरता येते. दृश्य आणि गम्य यांच्यातले अंतर येथे नाहीसे होते. कादंबरीतील निसर्गवर्णन वाचकाच्या मनात अवकाश उभा करते, परंतु वर्णनाचा क्रम लेखकाच्या हाती असतो. येथे क्रम खेळणाऱ्याच्या पावलांनी ठरतो. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात, ज्या संहितेतून पुढे जाण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्यापलीकडचे श्रम करावे लागतात, अशा संहितांचा विचार केला आहे. ‘गेन्शिन’मधील भटकंती हे अशा श्रमांचे सुखद रूप होय.

दुसरा आधार कथानकाचा. हरवलेल्या जुळ्या भावंडाचा शोध घेणारा प्रवासी एकामागून एक राज्य पाहतो, आणि प्रत्येक राज्याची स्वतंत्र कथा मूळ शोधात गुंफली जाते. चौकटकथेची ही रचना आपल्याला ‘कथासरित्सागरा’पासून परिचित आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या झालेल्या राज्याचे नाव सुमेरू आहे. तेथील एका दीर्घ उपकथेला ‘आरण्यक’ असे नाव आहे. तीत फक्त मुलांना दिसणारे वनजीव माणसाला ‘नर’ म्हणतात, आणि अरण्याला ग्रासणाऱ्या रोगाचे नाव ‘मरण’ आहे. मराठी वाचकाला हे शब्द ओळखीचे वाटतात आणि परकेही वाटतात. खेळाचा लिखित मजकूर दहाहून अधिक भाषांत आहे, ध्वनी चार भाषांत आहे. त्यांत एकही भारतीय भाषा नाही. ‘आरण्यक’ हा शब्द आपल्या विद्यार्थ्याला इंग्रजी लिप्यंतरातून भेटतो, आणि त्याच्या मागे ग्रंथांची एक परंपरा उभी आहे हे त्याला खेळ सांगत नाही. शब्द गेला आणि त्याचा संदर्भ मागे राहिला, असे येथे घडले आहे. तो संदर्भ पुरवणे हे मराठीच्या वर्गाचे काम ठरू शकते.

तिसरा आधार मोफतपणाचा. महागडे संगणक आणि हजारांच्या किमतीचे खेळ ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, अशा लहान शहरांतील तरुणाला हे जग पैसे न भरता खुले होते. अर्थात बऱ्यापैकी ताकदीचा फोन आणि पुरेसा डेटा लागतोच, तेव्हा ‘मोफत’ हा शब्द सापेक्ष आहे. तरीही एक छदामही न देता मुख्य कथा पूर्ण करणारे पुष्कळ आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

३

अवकाशाकडून काळाकडे वळले की चित्र पालटते. पात्रांची ताकद वाढवण्यासाठी लागणारे द्रव्य मिळवताना ‘रेझिन’ नावाचा साठा खर्च करावा लागतो. तो आठ मिनिटांना एक या गतीने भरतो, आणि २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा २०० आहे. म्हणजे रिकामा साठा भरावयास २६ तास ४० मिनिटे लागतात. त्यानंतर न खेळणे म्हणजे नुकसान. खेळणाऱ्याला खेळाकडे परत बोलावणारी ही घटिका त्याच्या दिवसात बसवलेली आहे. दररोजची चार कामे आणि त्यांवरचा मोबदला मिळून ६० ‘प्रिमोजेम’ मिळतात. नवे पात्र मिळवण्याच्या एका सोडतीला १६० लागतात.

या सोडतीत पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता एका खेपेस ०.६ टक्के आहे. नव्वदाव्या खेपेपर्यंत मात्र एक निघेलच अशी हमी आहे. ते हवे असलेलेच असेल असे नाही. पहिल्यांदा चुकले तर त्यानंतरचे निश्चित हवे ते मिळते. याचा अर्थ वाईटात वाईट स्थितीत १८० खेपा, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम. केवळ रोजच्या कामांवर विसंबणाऱ्याला त्यासाठी ४८० दिवस लागतील. इतर मार्गांनीही प्रिमोजेम मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात इतका काळ लागत नाही. पण सोडत खुली असते साधारण तीन आठवडे. ४८० दिवस आणि तीन आठवडे यांच्यामधली जी दरी आहे, तीच या खेळाची बाजारपेठ आहे. ज्याला वाट पाहवत नाही तो पैसे देतो. जो पैसे देत नाही तो दिवस देतो. अवकाश मोकळा आहे तो काळ बांधलेला असल्यामुळे, असे म्हणावे लागते.

४

नशिबाचा खेळ आपल्याला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांच्या नादाने घर गमावलेल्या माणसाचा विलाप आहे आणि त्याला शेतीकडे वळण्याचा उपदेशही आहे. खान्देशात तर आखाजीला या खेळाचे स्थान लोकमान्य आहे. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची पूजा होते, झोके बांधले जातात, अहिराणी गाणी म्हटली जातात. आणि गावोगावी पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात. त्यात कोणी कर्जबाजारी होत नाही असे नव्हे, आणि बायकांचा झोका व पुरुषांचा डाव ही विभागणीही निर्दोष नव्हे. परंतु या डावाला कडा आहेत. तो सणापुरता असतो, चार माणसांदेखत असतो, आणि हरणारा व जिंकणारा समोरासमोर बसलेले असतात. योहान हाउझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) मध्ये खेळाचे जे लक्षण सांगितले, की तो नेहमीच्या जगण्यापासून स्थळाने आणि काळाने वेगळा काढलेला असतो, ते आखाजीच्या डावाला पुष्कळ अंशी लागू पडते.

‘गेन्शिन’मधील सोडतीला अशी कड नाही. एक सोडत संपते तेव्हा दुसरी सुरू होते. सण रोजचा झाला की तो सण राहत नाही. समोर प्रतिपक्षही नाही, कारण हरणाऱ्याचे पैसे ज्याच्याकडे जातात तो डावात बसलेलाच नसतो. येथे पैसे परत मिळण्याची आशा नसते, म्हणून याला जुगार म्हणू नये, असा युक्तिवाद केला जातो. भारतात २०२५ साली झालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याचा रोखही पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. परंतु जुगाऱ्याला क्वचित तरी पैसे परत मिळतात; येथे तेही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये केलेल्या तडजोडीत कंपनीने २ कोटी डॉलर देण्याचे आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना अशा सोडती न विकण्याचे मान्य केले. कायद्याचा प्रश्न तेथे काही अंशी सुटला. समीक्षेचा प्रश्न मात्र उरतो.

५

तो प्रश्न असा : पात्र हेच विक्रेय असेल तर कथनाचे काय होते? फोंतेन या राज्याची कथा येथे निर्णायक ठरते. हे राज्य न्यायालयाला रंगभूमी मानणारे आहे. तेथील देवता म्हणून मिरवणारी फुरिना प्रत्यक्षात देवता नाही. राज्याला बुडवणारे भाकीत टळावे म्हणून ती पाचशे वर्षे ते सोंग एकटीने वठवते, आणि ते कोणालाही सांगण्याची तिला मुभा नाही. अखेर खरी देवता फोकालॉर्स स्वतःला मृत्युदंड देते आणि फुरिना माणूस म्हणून मागे उरते. भूमिका घेण्याच्या खेळात, भूमिकेने गिळलेल्या व्यक्तीची ही शोकात्म कथा सांगितली जावी, यात खेळाने स्वतःच्या रूपाविषयी केलेले खोल चिंतन आहे. या माध्यमात गंभीर अनुभव व्यक्त होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पण ही कथा ज्या आवृत्तीत नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण झाली, त्याच आवृत्तीत फुरिना सोडतीला आली. प्रेक्षकांच्या नजरेतून सुटलेली फुरिना त्याच क्षणी खेळणाऱ्यांच्या संग्रहात दाखल झाली. करुणेचे रूपांतर मालकीच्या इच्छेत होते, आणि ते रूपांतर कथनाला बाहेरून चिकटलेले नाही. कथनाची वेळच त्यासाठी ठरवलेली आहे. याचा दुसरा परिणाम असा, की विक्रीला आलेले पात्र सहसा मरू शकत नाही. मृत्यू येतो तो फोकालॉर्ससारख्या, सोडतीत नसलेल्या पात्रांना. शोकात्मिकेला लागणारी अपरिवर्तनीयता येथे अर्थव्यवहाराने मर्यादित केली आहे. तिसरा परिणाम म्हणजे मूळ शोध संपू न देण्याची ओढ. २०२० मध्ये सुरू झालेला भावंडाचा शोध पाच वर्षे उलटूनही लांबत राहिला.

‘करमणूक’मध्ये क्रमशः येणाऱ्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांचा वाचकही पुढल्या अंकाची वाट पाहत असे, आणि ते पत्रही वर्गणीवरच चाले, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः बरोबर आहे; निव्वळ व्यवहारमुक्त कथन कधीच नव्हते. परंतु ‘करमणूक’च्या प्रत्येक वर्गणीदाराला एकच यमू मिळत होती. कोणाच्या नशिबात ती आली नाही, असे होत नव्हते.

६

रॉजे काय्वा यांनी खेळांची जी तत्त्वे सांगितली त्यांत स्पर्धा, दैव आणि सोंग यांचा समावेश होतो. ‘गेन्शिन’चे यश सोंगाच्या सुंदर कथेत दैवाचे तत्त्व बेमालूम मिसळण्यात आहे, त्याचा दोषही तोच आहे. म्हणून ‘गोष्ट चांगली, फक्त सोडत वाईट’ ही सोयीची विभागणी टिकत नाही. त्याचप्रमाणे ‘सोडत आहे म्हणून गोष्ट टाकाऊ’ हा निष्कर्षही टिकत नाही, कारण फुरिनाची कथा त्याला पुरून उरते.

मराठी समीक्षेने आता अशा संहितांसाठी वाचनाची पद्धत घडवली पाहिजे. कथन कोठे थांबते, कोणत्या दिवशी थांबते आणि त्या दिवशी काय विकायला काढले जाते, हे तिने पाहिले पाहिजे. संहितेचा विचार करताना तिच्या वेळापत्रकाचा आणि दरपत्रकाचाही विचार करणे हे साहित्यबाह्य काम नाही. या प्रकारात ती संहितेचीच अंगे आहेत. विद्यार्थ्याला खेळू नको म्हणून सांगणे सोपे आहे आणि निष्फळ आहे. तो ज्या डोंगरावर चढला त्याचे सौंदर्य मान्य करून, चढताना त्याने किती दिवस मोजले हे त्याला मोजायला शिकवणे अधिक कठीण आहे, आणि आपल्या विद्याशाखेला ते जमण्यासारखे आहे.