आज्ञा, पुरावा आणि आठ तास

आम्ही सर्जन नाही, तत्त्वज्ञानाचे मास्तर. पण एखादा नियम कुठून येतो आणि कुणाला लागू पडतो, हा प्रश्न आमचाच. आज तो मोठ्या आतड्याच्या जखमेपाशी विचारू.

दुसऱ्या महायुद्धात आतडं फाटलेला सैनिक आला की ते शिवून पोटात ठेवायचं नाही, पोटावर तोंड काढून शौचाला वाट द्यायची, म्हणजे कोलोस्टॉमी करायची, असं ठरलं. अमेरिकी लष्करानं 1943 साली तशी आज्ञाच काढली. रणांगणावर ते शहाणपण होतं. पण युद्ध संपलं, आणि शहरातल्या इस्पितळांतही तीच रीत कित्येक वर्षं चालली. कारण गेलं, नियम उरला.

1979 साली स्टोन आणि फेबियन यांनी तो तपासला. चिठ्ठी टाकावी तसे 139 रुग्णांचे दोन गट केले. ज्यांचं आतडं थेट शिवलं, त्यांना त्रास कमी झाला. निबंध मोलाचा, यात शंका नाही. मात्र त्याच्या दारावर पहारा आहे. एकूण रुग्ण 268. खोल शॉक, फार रक्तस्राव, पोटात पसरलेली घाण, आठ तासांहून जास्त उशीर, असे सगळे बाहेर ठेवले. आता सांगा, अजिंठ्याच्या डोंगराकडं दिवस मावळताना बैलानं शिंग खुपसलेला गडी आधी सिल्लोडला, मग साठेक किलोमीटरवर घाटीत, टेबलावर कधी पोचणार? त्या निबंधात तो नाहीच.

मग उशीर झाला म्हणजे पिशवी ठरलेलीच का? 2001 साली डेमेट्रियाडिस आणि सहकाऱ्यांनी आतड्याचा तुकडा कापावा लागलेले 297 रुग्ण पाहिले. थेट जोडणी आणि पिशवी, गुंतागुंतीत ठळक फरक दिसला नाही. धोका वाढला तो पसरलेल्या विष्ठेनं, चार किंवा अधिक पिशव्या रक्त लागल्यानं, एकाच प्रतिजैविकावर विसंबल्यानं. मात्र इथं चिठ्ठी नव्हती. निवड सर्जनची होती.

पिशवीनं जीव वाचतात, तिला नावं ठेवायची नाहीत. पण ती काढायला दुसरं ऑपरेशन लागतं, मजुरी बुडते, कपाशीत दिवसभर वाकणाऱ्या बाईची अडचण तर विचारूच नका. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: नुसतं घड्याळ पाहून ठरवू नये, पोट आणि रुग्ण पाहून ठरवावं. आणि आपल्याकडचा रुग्ण किती वेळात पोचला, काय केलं, पुढं काय झालं, हे नीट लिहून ठेवावं. नाहीतर जुनी आज्ञा जाईल आणि उसना पुरावा नवी आज्ञा होऊन बसेल.