शहराचा क्रमांक वाचण्याआधी भार वाचा

शहर स्पर्धेत टिकावं आणि राहायलाही बरं असावं, हे मोजायचं कसं? आपल्याकडचं उदाहरण म्हणजे केंद्र सरकारचा 'ईझ ऑफ लिव्हिंग' निर्देशांक. 2018 मध्ये त्यात पुणे पहिलं होतं. 2020 च्या आवृत्तीत दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. मग पुणे बिघडलं का? घाई नको. मधल्या काळात मोजपट्टीच बदलली. आर्थिक बाजूचा भार 100 पैकी 5 होता, तो 15 झाला. नागरिकांच्या मतांना नव्याने 30 मिळाले. असे दोन क्रमांक शेजारी ठेवून निष्कर्ष काढणं चूकच.

माझा खरा आक्षेप मात्र बेरजेवर आहे. समजा, एका शहराला रस्त्यांसाठी 90 आणि पाण्यासाठी 10 गुण आहेत. साधी सरासरी 50, म्हणजे ठीकठाक शहर! भूमितीय मध्य, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ काढलं, तर 30. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. गुळगुळीत रस्त्याने घागर भरत नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मानव विकास निर्देशांकाने 2010 मध्ये साधी सरासरी सोडून भूमितीय मध्य घेतला, तो अशीच झाकपाक टाळायला.

निर्देशांक टाकाऊ नाही, शहरांची माहिती एका जागी येते. पण तुम्ही तो प्रबंधात वापरणार असाल, तर आधी भार थोडे बदलून गणित पुन्हा करा. क्रमांक तरीही टिकला, तरच त्यावर लिहा.