गॉडबर, लोकपाल आणि रस्ता

सिंगापूरचा दाखला देत ‘लोकशाही कमी, म्हणून भ्रष्टाचार कमी’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. या मांडणीत हाँगकाँग बसत नाही. १९७३ साली चौकशी सुरू असतानाच पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी इंग्लंडला पळाला. वसाहतीत लोकनियुक्त सरकार नव्हते. तरीही ‘गॉडबरला पकडा’ म्हणत लोक व्हिक्टोरिया पार्कमध्ये जमले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पोलीस खात्याबाहेरचा, थेट गव्हर्नरला जबाबदार असलेला आयोग स्थापन झाला. गॉडबरला परत आणून चार वर्षांची कैद झाली. १९७७ मध्ये मात्र चिडलेले पोलीसच आयोगाच्या कचेरीवर चालून गेले आणि गव्हर्नरने जुन्या गुन्ह्यांना बरीचशी माफी देऊन टाकली. (मोर्चा नेहमी सज्जनांचाच असतो असे थोडेच आहे!)

आपल्याकडे मत आणि मोर्चा दोन्ही आहेत. महाराष्ट्राने लोकायुक्त कायदा १९७१ मध्येच केला, पण त्याने लोकायुक्ताच्या हाती मुख्यतः शिफारसच दिली. २०११ मध्ये रामलीला मैदान गाजले, २०१३ मध्ये लोकपाल विधेयक संसदेत मंजूर झाले, आणि पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडला. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नाही, ही सबब मध्ये कितीतरी काळ पुरली. तोवर मैदान रिकामे झाले होते. तगादा लावला तो सर्वोच्च न्यायालयाने.