नेमगिरीची चिंचोळी पोकळी

गुहेचं मोठेपण आपण बहुधा तिच्या पोकळीवर मोजतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी मुलखात कार्ल्सबॅडच्या चुनखडीच्या गुहा आहेत. १९३० पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. भूगर्भातून वर आलेल्या वायूमुळे पाण्यात गंधकाम्ल तयार झालं, त्याने खडक विरघळवला आणि प्रचंड दालनं मोकळी झाली. तिथली भव्यता अफाट मोकळेपणाची. परभणी जिल्ह्यातली नेमगिरी नेमकी उलट वाट धरते, आणि माझ्या मते तीच वाट अधिक अवघड आहे.

जिंतूर गावाजवळच्या टेकडीवरचं हे दिगंबर जैनांचं अतिशय क्षेत्र, म्हणजे चमत्काराशी जोडलेलं तीर्थ. हा दख्खनच्या बेसाल्टचा मुलूख. हा दगड चुनखडीसारखा विरघळून त्यात दालनं तयार होत नाहीत. इथे जे घडलं ते माणसाच्या हातून. गुहांची दारं ठेंगणी, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मान वर करावी तो समोर तीर्थंकर, अगदी हाताच्या अंतरावर. मागे सरकून पाहायला जागाच नाही. नेमिनाथांची पद्मासनातली मूर्ती त्यामुळे एका नजरेत मावत नाही. मांडीवर ठेवलेले तळहात, मग रुंद छाती, मग चेहरा, अशी नजर सावकाश चढत जाते. हीच मूर्ती वस्तुसंग्रहालयाच्या ऐसपैस दालनात ठेवली, तर तिचं निम्मं बळ जाईल.

शांतिनाथ, बाहुबली हेही इथे आहेत, पण मन अडकतं ते पार्श्वनाथांपाशी. इथे येणारा आधी चेहरा पाहत नाही, मूर्तीचा तळ पाहतो. नागफणांच्या छत्राखालची ही भारदस्त मूर्ती एका लहानशा दगडावर टेकली आहे. बाकी तळ अधांतरी. म्हणून हे अंतरीक्ष पार्श्वनाथ. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरचे पार्श्वनाथही याच नावाने पूजले जातात. भाविकाला हा अतिशय वाटतो. शिल्प म्हणून पाहणाऱ्यालाही ती फट विसरता येत नाही. एवढा दगड, एवढं वजन, आणि खाली सरकणारी एक अंधारी रेघ! ती रेघ दिसली की वरचं सगळं ध्यान हलकं वाटू लागतं. कार्ल्सबॅडला जे साधायला अवाढव्य पोकळी लागते, ते इथे या चिंचोळ्या फटीने साधलं आहे.

चारठाण्याची मंदिरं पाहायला जिंतूर तालुक्यात येणाऱ्यांनी नेमगिरी चुकवू नये. आत गेल्यावर मोबाइल खिशातच ठेवावा, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं.