प्रतिकृती आणि मूळ पाठ

जुन्या तैलचित्राची प्रतिकृती करणाऱ्यास आपण नकलाकार म्हणून हिणवतो. परंतु मूळ चित्र रंगाच्या थरांवर थर चढवून सिद्ध झाले असेल, तर त्याची नक्कल हे वाचनाचेच काम ठरते. हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयातील योहानेस व्हर्मीरचे ‘मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी’ हे सुमारे १६६५ सालचे चित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

या पद्धतीत तेलात कालवलेल्या पारदर्शक रंगाचा पातळ लेप वाळलेल्या थरावर देतात. प्रकाश त्या लेपातून आत शिरतो आणि खालच्या थरावरून परततो. हीच त्या रंगाची खोली. दोन रंग आधीच एकत्र कालवून ती साधत नाही. शिवाय खालचा थर वाळल्यावाचून वरचा देता येत नाही. तेव्हा घाईला येथे थारा नाही.

या चित्राची पार्श्वभूमी आज जवळजवळ काळी दिसते. केवळ डोळ्यांवर विसंबणारा प्रतिकृतिकार ती काळीच रंगवील. प्रत्यक्षात व्हर्मीरने काळ्या थरावर नीळ आणि वेल्ड या वनस्पतीचा पिवळा रंग यांचा हिरवा पारदर्शक लेप दिला होता. काळाच्या ओघात तो विटला. २०१८ साली झालेल्या तपासणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तेथे चुण्या पडलेला हिरवा पडदा होता हे उघड झाले.

मग प्रतिकृती कशाची करावी? आज दिसते तेच रसिकांना प्रिय आहे, हा पक्ष दुबळा नाही. विटण्यापूर्वीची नेमकी छटा आज कोणी पाहू शकत नाही, हेही खरे. तरीही आमचा कौल लेप देणाऱ्याच्या बाजूने आहे. नुसता काळा रंग देणारा चित्रकाराची कृती सोडून काळाने केलेली हानी उतरवून घेतो. लेप देणारा निदान चित्रकाराच्या हातामागून चालतो. मात्र तोही पातळच हवा. भडक हिरवा पडदा म्हणजे पदरची भर. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. प्रतिकृतिकाराचे पथ्यही तेच.

यात टीकाकाराचीही कसोटी आहे. काळोखातून उमलणारा चेहरा म्हणून प्रस्तुत लेखकानेही हे चित्र वर्गात वाखाणले आहे. तो काळोख पुष्कळ अंशी विटलेल्या रंगाचा होता. चेहऱ्याचे सौंदर्य त्यामुळे उणावत नाही. पण त्याचा आम्ही लावलेला अर्थ मात्र पुन्हा तपासावा लागेल.