मेमरी कार्डाच्या पाकिटावर काय लिहिलेले नसते

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो. परतूरचा रस्ता इथूनच फुटतो. २०१० च्या सुमारास एसटीची वाट पाहत मी या फाट्यावर बराच वेळ काढला आहे. त्या काळी तिथल्या मोबाइलच्या टपरीवर कायम गर्दी असे, पण मोबाइल दुरुस्तीसाठी आलेले त्यात थोडेच. बाकीचे मेमरी कार्ड 'भरून' घ्यायला आलेले असत. थोडे पैसे दिले की टपरीवाला आपल्या संगणकातून भारुडे, कीर्तने, सिनेमाची गाणी नखाएवढ्या त्या कार्डावर उतरवून देई. भरणे हा शब्द मला मोठा नेमका वाटे. पोत्यात ज्वारी भरावी तशी कार्डात गाणी भरायची. गाणी गेली तर पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा भरून घ्यायची. टपरीवाल्याच्या संगणकात ती होतीच.

ही गोष्ट आठवण्याचे कारण त्याच भागातल्या एका शाळेत घडले. तिथल्या गुरुजींनी आठवी-नववीच्या मुलांना आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर चित्रित करून आणायला सांगितले. त्यासाठी त्यांनी ६४ गिगाबाइटचे एक कार्ड विकत घेतले, तेही बरेच स्वस्तात. पहिल्या दिवसाचे चित्रण गुरुजींनी घरी पाहिले, उत्तम होते. मग परीक्षा आल्या, सुटी लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, नाव दिसतंय, पण वाजंना." पहिल्या सुमारे तासाभराचे चित्रण शाबूत होते. त्यापुढच्या सगळ्या फाइलींची नावे होती, तारखा होत्या, आकारही बरोबर होता. आत मात्र काहीच नव्हते.

गुरुजींनी कार्ड माझ्याकडे पाठवले. सोबत त्याचे रिकामे पाकीटही होते, कारण त्यांनी ते जपून ठेवले होते. कार्ड तपासायला मला एक दुपार लागली. पाकिटावर मात्र मी जास्त वेळ घालवला. बाजारातून त्याच नावाचे अस्सल कार्ड आणून दोन्ही पाकिटे शेजारी ठेवली. मजकूर जवळजवळ तंतोतंत सारखा. तेव्हा पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या पाकिटावरच्या मजकुराचे परीक्षण करावे असे मनात आले. कार्डाविषयीची आपली बहुतेकांची माहिती या पाकिटावरूनच आलेली असते, म्हणून हा खटाटोप.

सर्वांत मोठ्या अक्षरात असते क्षमता. ६४ गिगाबाइट लिहिलेले अस्सल कार्डसुद्धा संगणकात घातले की बहुधा ५९.६ दाखवते. ही फसवणूक नाही. पूर्वी दोन बाजारपेठांत दोन पायल्या असत, तसा हा प्रकार आहे. कार्ड बनवणारा एक किलो म्हणजे १००० धरतो, तर पुष्कळ संगणक १०२४ धरतात. गिगापर्यंत जाईतो हा फरक तीनदा गुणला जातो, म्हणजे १.०२४ चा घन, सुमारे १.०७४. घातांकाच्या धड्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत हे लिहिलेलेही असते.

त्याखाली वेग. '१०० मेगाबाइट प्रतिसेकंद' हा ठळक आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो. चित्रण करताना कामाचा असतो तो लिहिण्याचा वेग. तो पाहायचा तर इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात १० लिहिलेली खूण शोधावी. तिचा अर्थ, सलग लिहिताना सेकंदाला किमान १० मेगाबाइट. 'यू' या अक्षरात ३ असेल तर किमान ३०. ठळक अक्षरात कमाल आणि खुणेत किमान, ही जाहिरातीची जुनी रीत आहे, तीत नवल नाही.

तिसरे विधान आहे 'आपल्या मोबाइलची मेमरी वाढवा'. इथे मात्र माझा आक्षेप आहे. मोबाइल संथ झाला म्हणून कार्ड आणणारे शिक्षक मला भेटले आहेत. कार्डाने साठवणीची जागा वाढते, काम करताना लागणारी स्मृती वाढत नाही. कोठार मोठे केले म्हणून जात्याचा वेग वाढत नाही. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत कार्डाला मोबाइलच्या अंतर्गत साठवणीचाच भाग करून टाकण्याची सोय झाली. सोय चांगली, पण असे कार्ड सांकेतिक रूपात लिहिले जाते आणि त्या एका मोबाइललाच वाचता येते. मोबाइल पाण्यात पडला की कार्ड कोरडे असूनही गेले. हे पाकिटावर नसते.

आता पाकिटावर नसलेल्या गोष्टींकडेच वळू. पहिली अशी की पाकिटावरची क्षमता कार्डाने स्वतः सांगितलेली असते. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड. एवढ्या जागेत स्मृतीच्या चकतीबरोबर एक नियंत्रक असतो, म्हणजे एक छोटा संगणकच. २०१३ साली अँड्र्यू हुआंग आणि शॉन क्रॉस या अभियंत्यांनी हॅम्बुर्गच्या एका परिषदेत या नियंत्रकावर स्वतःची आज्ञावली चढवून दाखवली होती. मोबाइल नियंत्रकाला विचारतो, "जागा किती?" तो सांगेल ते मोबाइल खरे मानतो. लबाड कार्डात ८ गिगाबाइटची चकती आणि '६४' असे उत्तर देणारा नियंत्रक बसवलेला असतो. आठच्या पुढे आलेला मजकूर तो सरळ टाकून देतो किंवा जुन्या मजकुरावर लिहितो, आणि दोन्ही वेळा 'लिहिले' म्हणून कळवतो. फाइलींची यादी सुरुवातीच्या जागेत असल्यामुळे नावे मात्र दिसत राहतात. पूर्ण हायडेफिनिशन चित्रण तासाला साडेसात गिगाबाइटच्या आसपास जागा घेते. म्हणून गुरुजींचा पहिला तास वाचला. पुढचे चित्रण मला परत मिळवता आले नाही, कारण ते मुळात लिहिलेच गेले नव्हते. विकणाऱ्यालाही बहुधा हे ठाऊक नसावे.

याची परीक्षा सोपी आहे आणि वर्गात करण्याजोगी आहे. नवे कार्ड मोठमोठ्या फाइलींनी काठोकाठ भरा, काढा, पुन्हा घाला आणि प्रत्येक फाइल संगणकात परत उतरवून मूळ फाइलशी ताडून पाहा. एकच फाइल पुन्हा पुन्हा भरू नका. नवी प्रत जुन्या प्रतीवर लिहिली गेली तरी मजकूर सारखाच दिसेल आणि चोरी पकडली जाणार नाही. ही तपासणी आपोआप करणाऱ्या 'एफ-थ्री' व 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' या आज्ञावल्या फुकट मिळतात. सेकंदाला १० मेगाबाइट वेगाने ६४ गिगाबाइट भरायला पावणेदोन तास लागतात. तेवढा वेळ घालवल्याशिवाय कार्ड कामाला लावू नये.

पण माझा मुख्य आक्षेप लबाड कार्डावर नाही, अस्सल कार्डावर आणि आपल्या शिकवण्यावर आहे. स्मृतीचे दोन प्रकार आपण वर्गात सांगतो, तात्पुरती आणि कायमस्वरूपी. वीज गेली की पुसली जाते ती तात्पुरती. मग मेमरी कार्ड आपोआप 'कायमस्वरूपी'च्या रकान्यात जाऊन बसते. मूळ तांत्रिक शब्द 'नॉन-व्होलाटाइल' असा आहे. तो एवढेच म्हणतो की वीज गेल्यावर ती लगेच उडून जात नाही. किती काळ टिकते याबद्दल तो काहीही बोलत नाही. 'कायम' हा शब्द आपण आपल्या पदरचा घातला आहे.

आत काय घडते ते पाहिले म्हणजे हे पटेल. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत दाओन कांग व सायमन झी यांनी अशी रचना सुचवली की ट्रान्झिस्टरमध्ये चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक वाहक तुकडा ठेवायचा. त्याला तरंगते द्वार म्हणतात. त्यावर इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत यावरून ट्रान्झिस्टर वेगळा वागतो, आणि हीच एक किंवा शून्याची नोंद. तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये अशा पेशींचा समूह एकदम पुसता येणारी स्मृती जगापुढे मांडली. कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखी क्षणात पुसली जाते म्हणून सहकाऱ्याने 'फ्लॅश' हे नाव सुचवले. आजच्या कार्डांतली 'नँड' जातीची रचना त्यांनीच १९८७ मध्ये पुढे आणली. एसडी कार्ड १९९९ चे.

रोधकाचा थर सात-आठ नॅनोमीटर जाड असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कार्डाला मोबाइलकडून ३.३ व्होल्ट मिळतात. ते आतल्या पंपाने २० व्होल्टच्या आसपास नेऊन इलेक्ट्रॉनांना या थरातून पलीकडे ढकलले जाते. भिंत न फोडता तिच्यातून पार होण्याची ही पुंजभौतिकीतली करामत आहे. पण जी भिंत आत येऊ देते ती अगदी थोडे का होईना, बाहेरही जाऊ देते. शिवाय प्रत्येक लिहिण्या-पुसण्याने भिंत थोडी झिजते. आता बऱ्याच कार्डांत तरंगत्या द्वाराऐवजी सिलिकॉन नायट्राइडचा थर असतो. गळतीचे तत्त्व तेच.

माठ पाझरतो तसे हे आहे. आणि इथे स्वस्ताईची खरी किंमत दिसते. पूर्वी एका पेशीत एकच नोंद असे: माठ भरलेला की रिकामा. पाणी थोडे पाझरले तरी उत्तर बदलत नसे. आज बहुतेक कार्डांत एका पेशीत तीन नोंदी कोंबतात. म्हणजे त्याच माठावर आठ खुणा, आणि पाणी नेमक्या कोणत्या खुणेवर आहे ते ओळखायचे. थोडेसे पाझरले की खूण चुकते. किरकोळ चुका नियंत्रक गणिताने दुरुस्त करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. एकनोंदी पेशी सुमारे एक लाख वेळा लिहिता-पुसता येत असे. तीननोंदी पेशीचा आकडा साधारण हजार ते तीन हजारांच्या घरात आहे. क्षमता वाढली ती अंशतः टिकाऊपणा विकून, आणि पाकिटाच्या मजकुरात याचा उल्लेखही नाही.

उष्णतेने गळती झपाट्याने वाढते. नवे, कमी वापरलेले अस्सल कार्ड घरात वर्षानुवर्षे बिनतक्रार राहील, उगाच घाबरायचे कारण नाही. पण याच जातीच्या पेशी वापरणाऱ्या घरगुती संगणकांच्या एसएसडी साठवणीसाठी जेडेक या संस्थेने घातलेली अट पाहण्यासारखी आहे: पूर्ण वापरून झिजल्यावर, वीज नसताना, ३० अंश सेल्सिअसला माहिती एक वर्ष टिकली पाहिजे. एक वर्ष, तेही ३० अंशांना! आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४० च्या वर असते, आणि पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात किती असेल ते मुलांना तापमापी देऊन मोजायला सांगावे.

टपरीवर भरलेल्या गाण्यांना या कशाचीच झळ नव्हती. कार्ड ही नेण्या-आणण्याची पिशवी होती आणि मूळ धान्य दुसरीकडे होते. शाळेत तीच पिशवी कणगी झाली. मोबाइलमधून फाइली कार्डावर 'हलवल्या' की मूळ प्रत जाते, आणि जागा वाढल्याचे समाधान मिळते.

ओव्यांच्याच बाबतीत दुसरे उदाहरण आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रभरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या आधी हाताने कागदावर उतरल्या, मग संगणकात नोंदल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या. १९९६ साली जालन्याच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ हा संग्रह प्रसिद्ध करू लागले. मधल्या काळात साठवणीची किती साधने आली नि गेली! संग्रह टिकला, कारण तो कोणत्याही एका साधनावर अवलंबून नव्हता आणि दर टप्प्यावर कोणीतरी तो नव्याने उतरवून घेत होते. कार्ड अधूनमधून मोबाइलमध्ये घातले की 'ताजे' होते या समजावर भिस्त ठेवू नये. ताजे होते ते पुन्हा लिहिल्याने.

गुरुजींनी मुलांना पुन्हा पाठवले. बहुतेक आज्या पुन्हा गायल्या, एक मात्र मुलाकडे पुण्याला गेली होती. या वेळी चित्रण शाळेच्या संगणकात आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवले आहे, शब्द मुलांनी शंभर पानी वहीत लिहिले आहेत. ते लबाड कार्डही गुरुजींनी फेकलेले नाही. नववीच्या वर्गात दर जूनमध्ये ते काठोकाठ भरतात, आणि कितव्या फाइलीपासून वाजेनासे होते ते मुले फळ्यावर लिहितात.