‘माल’ या शब्दाची मर्यादा : मालवाहतुकीच्या परिभाषेची एक चिकित्सा

१

मालवाहतुकीच्या नियोजनाविषयी जे लेखन होते त्यात एक विधान वारंवार आढळते : प्रत्येक उद्योगाच्या मालाच्या गरजा निराळ्या असतात, तेव्हा वाहतुकीची आखणीही त्या त्या उद्योगास अनुरूप असली पाहिजे. विधान इतके निर्विवाद आहे की, त्याची चिकित्सा करण्याचे कारणच नाही असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ‘अनुरूप’ म्हणजे कोणाला अनुरूप? मालाच्या मालकाला, माल वाहणाऱ्याला, माल घेणाऱ्याला, की खुद्द मालाला? या चारही पक्षांच्या गरजा एकच आहेत असे गृहीत धरून हे लेखन पुढे जाते. आणि हे गृहीत झाकून ठेवण्याचे काम त्याची परिभाषाच करते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वाहतुकीच्या अर्थशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा येथे हेतू नाही. त्या व्यवहाराने स्वीकारलेले शब्द काय दाखवितात आणि काय दडवितात, एवढेच पाहावयाचे आहे.

‘माल’ हा शब्द अरबी. मालमत्ता, धन हा त्याचा मूळ अर्थ, आणि ‘मालमत्ता’, ‘मालगुजारी’ या शब्दांत तो अद्याप स्पष्ट आहे. ‘माल’ ज्याचा तो ‘मालक’ अशी समजूत सहज होते; पण ती लोकव्युत्पत्ती होय. अरबीत या दोन शब्दांचे धातू निराळे आहेत : पहिल्याचा म-व-ल, दुसऱ्याचा म-ल-क. तथापि लोकव्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगत नसली तरी बोलणाऱ्याचे मन सांगते. ‘माल’ म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येते ते वस्तूचे मूल्य, म्हणजे मालकाचा तिच्याशी असलेला संबंध. वस्तूचा स्वभाव त्या शब्दात नाही.

व्याकरणदृष्ट्याही हा शब्द लक्षणीय आहे. ‘दोन माल’, ‘चार माल’ असे आपण म्हणत नाही. ‘मालाचे दोन डाग’, ‘चार नग’ असे म्हणावे लागते. म्हणजे पाणी, पीठ, वाळू यांप्रमाणे हे पदार्थवाचक नाम आहे. पदार्थवाचक नामाने निर्दिष्ट केलेली वस्तू मोजली जात नाही, मापली जाते. वाहतुकीचे सर्वपरिचित परिमाण ‘टन-किलोमीटर’ हे या व्याकरणाचेच अपत्य होय. चंद्रपूरचा एक टन कोळसा आणि नाशिकची एक टन द्राक्षे शंभर किलोमीटर गेली, म्हणजे दोहोंची नोंद सारखीच होते. वाटेत कोळशाचे फारसे काही बिघडलेले नसते. द्राक्षांचे देठ सुकून मणी गळालेले असू शकतात. परिमाणाला त्याची दखल नसते.

२

मालाचे प्रकार वाहतूकदारांना ठाऊक नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. भारतीय रेल्वेच्या भाडेपत्रकात मालाचे वर्ग आहेत; शंभर हा पायाचा वर्ग धरून त्याच्या वरखाली बाकीचे वर्ग लावले जातात. प्रश्न वर्ग आहेत की नाहीत हा नसून, ते कोणत्या तत्त्वावर पाडले हा आहे. रेल्वेच्या भाडेआकारणीत जगभर जे तत्त्व दीर्घकाळ प्रभावी राहिले ते असे की, जो माल जितके भाडे सोसू शकेल तितके त्यावर आकारावे. मौल्यवान वस्तू अधिक सोसते, कोळसा-मिठासारखी वस्तू कमी सोसते. येथे ‘सोसणे’ या क्रियापदाचा व्याकरणातील कर्ता माल असला, तरी वास्तवातील कर्ता मालक आहे. भाडे मालकाची थैली सोसते. माल जे सोसतो ते ऊन, ओल, दाब, धक्के आणि दिवस. ‘मालक काय सोसेल’ या प्रश्नाच्या उत्तराने ‘माल काय सोसेल’ या प्रश्नाची जागा घेतली, ही या परिभाषेतील मूलभूत गफलत होय.

तिचा परिणाम केवळ शाब्दिक नाही. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात ‘मालकाच्या जोखमीचा दर’ आणि ‘रेल्वेच्या जोखमीचा दर’ असे दोन दर मानलेले आहेत. पहिल्या दराने पाठविलेला माल बिघडल्यास, रेल्वेची हयगय किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्यावाचून भरपाई मिळत नाही. म्हणजे स्वस्त भाड्याची उरलेली किंमत, मालाने न सोसलेल्या प्रवासाच्या रूपाने, मालक भरतो. आणि हा मालक पुष्कळदा चार-दोन एकरांचा बागाईतदार असतो.

कंटेनरने हा प्रश्न मिटला असा एक समज आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले, आणि पुढील काही दशकांत जागतिक व्यापाराचे रूप पालटले. कंटेनरचे सामर्थ्य त्याच्या उदासीनतेत आहे : आत काय आहे याची चौकशी क्रेन करीत नाही, जहाज करीत नाही. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर कंटेनर हे सर्वनाम आहे. कोणत्याही नामाऐवजी ते उभे राहू शकते, म्हणूनच सोयीचे. परंतु नाम काय होते याचा विसर पडला की वाक्य संदिग्ध होते. ओली राहिलेली कांद्याची पोती बंद पेटीत कोंडली तर त्यांचे काय होते, हे सर्वनामाला ठाऊक नसते.

३

या उलट, बाजारपेठेत आणि बंदरावर रुळलेली मराठी शब्दसंपत्ती पाहावी. कापसाची गासडी, धान्याचे पोते, आंब्याची पेटी, माशांची पाटी, कोंबड्यांचे डालगे, तेलाचा बुधला – हे शब्द वाहणाऱ्याच्या बाजूने घडलेले आहेत. वस्तू कशी धरता येते, कशी रचता येते, तिला किती हवा लागते, याचे ज्ञान त्यांत साठलेले आहे. गासडी हा दाबण्याचा शब्द आहे. कापूस हलका व फुगीर, म्हणून दाबल्यावाचून तो वाहणे परवडत नाही, आणि आज भारतीय गासडी १७० किलोंची मानली जाते. डालगे हा श्वासाचा शब्द आहे; त्याच्या विणीतील फटी हा त्याचा दोष नव्हे, तो त्याचा अर्थ आहे. मालाला मागणी नसली म्हणजे आपण ‘उठाव नाही’ म्हणतो. बाजारभावाच्या या अमूर्त कल्पनेमागेही पाठीवर पोते उचलणारा हमाल उभा आहे.

घेणाऱ्याच्या बाजूचेही शब्द आहेत. ‘रसद’ आणि ‘रसीद’ या दोहोंच्या मुळाशी ‘पोहोचणे’ या अर्थाचा फारसी धातू आहे, आणि आपली ‘पावती’ ‘पावणे’ या धातूपासून, म्हणजे त्याच अर्थापासून, स्वतंत्रपणे घडली. वस्तू पोहोचली यातच तिचे सार्थक, असे हे शब्द सांगतात. जुन्या व्यवहारातील ‘हुंडेकरी’ तर या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. वाटेतल्या जकातीसह सर्व खर्च एका ठरीव रकमेत धरून माल मुक्कामी पोचविण्याचा पत्कर घेणारा तो हुंडेकरी. आज ‘लॉजिस्टिक्स’ या नावाने जी सेवा विकली जाते तिचा गाभा या शब्दात होता. हिंदीच्या पारिभाषिक कोशांतील ‘संभारतंत्र’ सामग्रीकडे बोट दाखवितो, ‘हुंडेकरी’ जबाबदारीकडे.

परंतु सर्वांत बोलके शब्द खुद्द वस्तूच्या बाजूचे आहेत. कोकणात झाडावरचा आंबा कैरी असतो, मग पाडाला येतो, उतरविल्यावर अढीत पडतो आणि तेथे पिकतो. हापूस गवताच्या थरांत बसवून पेटी भरली जाते तेव्हा ती पेटी एक फिरती अढीच असते. देवगडहून वाशीला जाणारा ट्रक तयार वस्तू वाहून नेत नाही. वस्तू तयार होण्याच्या क्रियेचा काही भाग त्या ट्रकमध्ये घडतो. मग वाहतूक ही उत्पादनानंतरची पायरी आहे, हे पाठ्यपुस्तकातील विभाजन येथे कसे लावावयाचे?

४

तात्पर्य, मालाच्या गरजांचे वर्गीकरण करावयाचे तर ते उद्योगांच्या नावांनी करून भागणार नाही. ‘फलोद्यान’ हे एका उद्योगाचे नाव आहे. पण द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपासचे तापमान मानवते, तर केळे तेरा-चौदा अंशांखाली गेले की काळवंडते आणि हापूसही तेवढ्याच थंडीने बाधतो. ‘शीतगृह’ या एका शब्दाखाली ही तिन्ही फळे एकत्र ठेवणारा नियोजक शब्दाशी प्रामाणिक राहून फळांशी द्रोह करतो. लसीसाठी दोन ते आठ अंशांची मर्यादा असते; काही लसी उष्णतेने जितक्या बिघडतात तितक्याच गोठल्यानेही निकामी होतात. कांद्याला तर थंडीपेक्षा वारा हवा. नाशिक भागातील कांदाचाळ भिंतींपेक्षा फटींवर उभी असते ती त्यासाठीच.

मग वर्गीकरणाचे तत्त्व कोणते? वाक्यार्थबोधासाठी आपल्या शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी ही तीन कारणे सांगितली आहेत. दृष्टांत म्हणून ती येथे उपयोगी पडतात.

एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. चाकणच्या मोटार कारखान्यात येणारा सुटा भाग नासत नाही, सुकत नाही. पण जुळणीच्या रांगेत त्याची जागा त्याची वाट पाहत असते. जपानमध्ये टोयोटाने रूढ केलेल्या पद्धतीत ही अपेक्षा ‘कानबान’ नावाच्या पत्रिकेने, म्हणजे शब्दशः पाटीने, कळविली जाते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी त्या कंपनीला ब्रेकचा एक लहानसा भाग पुरविणाऱ्या कारखान्यास आग लागली आणि काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधील बहुतेक उत्पादन थांबले. एक पद गळाल्याने सबंध वाक्य अडले. अशा मालाचे मोल त्याच्या वजनावरून किंवा किमतीवरून ठरविणे निरर्थक होय.

पदार्थांच्या परस्परसंबंधाला बाध नसणे ही योग्यता. ‘विस्तवाने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही बोध करून देत नाही. वर दिलेली तापमानांची उदाहरणे योग्यतेची आहेत. पिकते केळे एथिलीन वायू सोडते आणि शेजारच्या कच्च्या फळांना अकाली पिकविते. तेव्हा योग्यता केवळ माल आणि वाहन यांच्यातच पाहून चालत नाही, माल आणि त्याचा शेजारी यांच्यातही पाहावी लागते.

पदांचे अविलंबाने उच्चारण हा सन्निधी. एक शब्द सकाळी आणि दुसरा सायंकाळी उच्चारला तर वाक्य होत नाही. ऊस हे याचे ठळक उदाहरण. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक विघटित होऊ लागते, म्हणून शक्य तर चोवीस तासांत गाळप व्हावे असे सांगितले जाते. उशीर झाला तर ऊस वाळून वजनात घटतो, तो शेतकऱ्याचा तोटा. साखरेचा उतारा घसरतो, तो कारखान्याचा. म्हणूनच महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनी तोडणी आणि वाहतूक ही एकच यंत्रणा मानली व बहुधा स्वतःकडे ठेवली. उद्योगाला अनुरूप नियोजनाचा याहून चांगला नमुना आपल्याकडे शोधून सापडणार नाही.

आणि तरीही याच यंत्रणेची परिभाषा सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. ऊसतोडीस येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात. उचल कोयत्याला दिली जाते, हिशेब कोयत्याचा होतो. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. उसाचा सन्निधी पाळण्यासाठी जी माणसे रात्री-अपरात्री गाड्या भरतात, त्यांचे नाव हत्याराने घेतले. जी परिभाषा मालाच्या गरजा इतक्या बारकाईने ओळखते, ती माल हलविणाऱ्याच्या गरजांपाशी येऊन लक्षणेचा आश्रय करते. ओझे ज्यावर घेतले जाते त्या माथ्यावरून ‘माथाडी’ हे नाव पडले, त्या कामगारांना १९६९ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाने निदान कायद्यात स्थान दिले. त्या नावात माणसाचे अंग तरी आहे. ‘कोयता’ या नावात माणूस नाही.

५

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक वस्तूसाठी निराळे वाहन, निराळी वखार, निराळा दर असे करू गेल्यास वाहतूक महाग होईल. एकरूपतेमुळेच ती स्वस्त झाली, आणि त्या स्वस्ताईचा लाभ लहान उत्पादकासही मिळाला. हा आक्षेप मान्य करूनही मूळ प्रतिपादनास बाध येत नाही. भाषासुद्धा प्रत्येक वस्तूला निराळा प्रत्यय लावीत नाही. मोजक्या विभक्तींवर ती सर्व व्यवहार चालविते. परंतु त्या विभक्ती वाक्यातील खऱ्या संबंधांवरून पडलेल्या असतात. वाहतुकीचे वर्गही मोजकेच असावेत. मात्र ते काळ, उष्णता, ओल, दाब आणि शेजार यांबाबतच्या मालाच्या सहनमर्यादांवरून पडावेत. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली तेव्हा भाज्या-फळे ही वेळेला बांधलेली वस्तू आहे, हे तत्त्व वेळापत्रकात आले, हे स्वागतार्हच होते. पण ‘किसान’ हे पुन्हा मालकाचे नाव आहे. भाड्यातील सवलत शेतकऱ्याला मिळत होती. डब्यातील तापमान कांद्याला आणि डाळिंबाला मिळावे लागते. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीने दुसरीची भरपाई होत नाही.

भाषाविभागातील अभ्यासकाने यात काय करावे, असे कोणी विचारील. लासलगाव, सावदा, वाशी, शिवडी येथील मापाडी, अडते, हमाल आणि हुंडेकरी यांच्या तोंडचे शब्द अजून पद्धतशीर रीतीने गोळा झालेले नाहीत. संगणकावरील नोंदीत वस्तूला सांकेतिक क्रमांक मिळाला की ‘पाड’, ‘अढी’, ‘डालगे’ यांची गरज राहत नाही, आणि त्यांबरोबर त्यांत साठविलेले ज्ञानही व्यवहारातून जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास कोशात भर पडेल हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की, नियोजकाच्या टेबलावर मालाच्या वतीने बोलणारे काही शब्द पोहोचतील. आज तेथे मालकाचे, वाहकाचे आणि ग्राहकाचे शब्द आहेत. मालाचा शब्द नसल्यामुळे जे नासते, त्याची किंमत शेवटी बागेतल्या आणि फडातल्या माणसाकडून वसूल होते.